एक चालक, एक सहचालक : किशोरवयीन मुलासोबत ॲडलेड ते ॲलिस स्प्रिंग्ज

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातील कोरड्या, विरळ वस्तीच्या प्रदेशात, म्हणजे ज्याला तिथे सगळेच ‘आउटबॅक’ म्हणतात त्या भागात, आई किंवा वडील आणि तेरा ते सतरा वर्षांचे मूल असे दोघेच मोटारीने निघाले, तर गाडी चालवण्याचा परवाना सहसा त्यांच्यापैकी एकाकडेच असतो. या प्रवासाचे सगळे नियोजन या एका वस्तुस्थितीभोवती करावे लागते. चालकाला थकवा आला, चक्कर आली किंवा पाय मुरगळला, तर निर्णय घेणारी दुसरी व्यक्ती म्हणजे ते मूलच असते, आणि जवळची वस्ती दीडशे किलोमीटरवर असू शकते. त्यामुळे मुलाला मागच्या आसनावर कानाला हेडफोन लावून बसवून नेण्याची कल्पना पहिल्याच दिवशी सोडून द्यावी आणि घरूनच त्याला सहचालक म्हणून तयार करावे. त्याच्या हाती स्टिअरिंग द्यायचे नाही, पण बाकीची जवळजवळ सर्व कामे द्यायची. पुढील लेखात याच दृष्टीने ॲडलेडपासून कूबर पेडी हे खाणींचे गाव, उलुरू हा महाकाय खडक आणि किंग्ज कॅन्यन ही खोल घळ करत ॲलिस स्प्रिंग्जपर्यंतच्या सुमारे २,३०० ते २,४०० किलोमीटरच्या प्रवासाची तयारी क्रमाने मांडली आहे.

मार्ग आणि हंगाम ठरवणे

पहिल्या खेपेला स्टुअर्ट महामार्ग सोडून दुसरा रस्ता निवडू नये. पोर्ट ऑगस्टापासून डार्विनपर्यंत सुमारे २,७०० किलोमीटर जाणाऱ्या या महामार्गाला जॉन मॅकडूअल स्टुअर्ट या संशोधकाचे नाव दिलेले आहे. त्याने १८६१-६२ मध्ये दक्षिणेकडून उत्तरेकडे खंड ओलांडला, आणि त्याच्याच वाटेच्या आधाराने पुढे १८७२ मध्ये ॲडलेड ते डार्विन तारयंत्राची लाइन पूर्ण झाली. दक्षिण ऑस्ट्रेलियातील शेवटचा कच्चा टप्पा १९८७ मध्ये डांबरी झाल्यापासून साध्या मोटारीनेही हा सगळा रस्ता पार करता येतो. कच्च्या रस्त्यांचे आकर्षण मुलांना आणि त्यांच्याहून जास्त वडिलांना असते, परंतु दोघांच्याच प्रवासात ते पुढच्या वेळेसाठी राखून ठेवावे.

हंगाम मे ते सप्टेंबर हाच. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात तापमान सहज ४० अंशांच्या वर जाते, पायवाटा दुपारपूर्वीच बंद होतात आणि गाडी बंद पडण्यासारखी साधी अडचणही जिवावर बेतू शकते. महाराष्ट्रातल्या शाळांची उन्हाळ्याची सुटी या दृष्टीने सोयीची आहे, कारण मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत मध्य ऑस्ट्रेलियात दिवसा आल्हाददायक ऊन आणि रात्री कडक थंडी असते. दिवाळीच्या सुटीत तिथे उष्णता वाढू लागलेली असते, म्हणून त्या सुटीचा मोह टाळावा. मेलबर्न किंवा सिडनीला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना जून-जुलैमधली शाळेची सुटी मिळते. पण तीच सुटी सगळ्या देशाला मिळत असल्यामुळे, उलुरूजवळच्या युलारा या एकमेव मोठ्या मुक्कामाच्या ठिकाणी खोली किंवा तंबूची जागा कित्येक महिने आधी राखून ठेवावी लागते.

दिवस किमान बारा धरावेत. नकाशावर ॲडलेड ते ॲलिस स्प्रिंग्ज हे थेट अंतर साधारण १,५३० किलोमीटर दिसते आणि तीन दिवसांत जाता येईल असे वाटते. जाता येतेही, पण मग मुलाच्या आठवणीत फक्त खिडकीची काच राहते.

कागदपत्रे आणि घरून काय न्यायचे

भारतातून जाणाऱ्यांनी सबक्लास ६०० हा व्हिजिटर व्हिसा घ्यायचा असतो. मूल अठरा वर्षांखालील असेल आणि सोबत एकच पालक असेल, तर न येणाऱ्या पालकाची संमती फॉर्म १२२९ वर घेऊन ती अर्जासोबत जोडावी. याच मजकुराचे एक नोटरी केलेले संमतिपत्र आणि मुलाच्या जन्मदाखल्याची प्रत हातातल्या बॅगेत ठेवावी, कारण विमानतळावर विचारणा झाल्यास तेथून घरी फोन लावत बसणे कोणालाच परवडत नाही. वाहन चालवण्याचा परवाना मूळ स्वरूपात हवाच, त्याच्या जोडीला आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्यावा. तिथेही वाहने डावीकडूनच चालतात, ही आपल्यासाठी मोठी सोय आहे.

खाण्याच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षेचे नियम अतिशय कडक आहेत. पेढे, बर्फी आणि तत्सम दुधाचे पदार्थ, बिया, ताजी फळे-भाज्या तिथे नेता येत नाहीत, आणि जे काही खाद्यपदार्थ बॅगेत असतील ते सगळे प्रवासी पत्रकावर जाहीर करावे लागतात. न केल्यास जबर दंड होतो. ॲडलेडमध्ये भारतीय किराणा मालाची दुकाने भरपूर आहेत. तांदूळ, मुगाची डाळ, पोहे, रवा, लोणचे आणि मसाले तिथेच घेतले की प्रश्न मिटतो. शाकाहारी कुटुंबांनी तर हे करावेच, कारण वाटेतल्या रोडहाउसमध्ये, म्हणजे पेट्रोल, जेवण आणि मुक्काम एकाच छपराखाली देणाऱ्या थांब्यांवर, बटाट्याच्या चिप्स आणि चीज घातलेले टोस्ट यापलीकडे फारसे काही मिळेल अशी अपेक्षा ठेवता येत नाही. एक लहान गॅसची शेगडी, एक पातेले आणि दोन ताटल्या एवढ्यावर बारा दिवस व्यवस्थित निघतात. फळे लागतील तेवढीच घ्यावीत, कारण राज्यांच्या सीमांवरही फळमाशीमुळे फळे नेण्यावर बंधने आहेत.

गाडी घेताना विचारायचे प्रश्न

डांबरी मार्गासाठी चारही चाकांना शक्ती देणारी गाडी लागत नाही. मध्यम आकाराची, उंच बांधणीची साधी मोटार पुरते. करारावर सही करण्यापूर्वी मात्र काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. रोजच्या किलोमीटरवर मर्यादा आहे का, ही सर्वांत महत्त्वाची, कारण आउटबॅकमध्ये देण्यासाठी असलेल्या गाड्यांवर अशी मर्यादा पुष्कळदा असते आणि वरच्या प्रत्येक किलोमीटरचे वेगळे पैसे पडतात. गाडी ॲडलेडला घेऊन ॲलिस स्प्रिंग्जला सोडण्याचे शुल्क किती, कच्च्या रस्त्यावर विमा लागू राहतो का, आणि सूर्यास्तानंतर जनावराला धडक बसल्यास नुकसान कोण भरते, हेही लेखी घ्यावे. बहुतेक करारांत शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे चालकाच्या विरोधातच असतात.

जास्तीचे चाक पूर्ण आकाराचे असावे आणि जॅक व पाना जागेवर असावेत. त्यानंतर ॲडलेडमधल्याच एखाद्या सपाट वाहनतळावर मुलाकडून एक चाक संपूर्ण बदलून घ्यावे. पालकाने फक्त उभे राहून पाहावे. नट सैल करणे आधी आणि जॅक चढवणे नंतर, हा क्रम त्याच्या हातात बसला पाहिजे. अर्धा तास जातो आणि हात काळे होतात, परंतु वाटेत पंक्चर झाले तर दोघेही घाबरत नाहीत.

पाणी, इंधन आणि संपर्क

पिण्याचे पाणी प्रत्येकी दिवसाला किमान पाच लिटर, आणि त्याशिवाय गाडीत हात न लावता ठेवलेला वीस लिटरचा साठा, हा हिशेब थंडीच्या दिवसांतही सोडू नये. पाणी एकाच मोठ्या कॅनमध्ये न ठेवता तीन-चार भांड्यांत वाटावे, म्हणजे एक फुटले तरी बाकीचे राहते.

इंधनासाठी नियम सोपा आहे : पंप दिसला की टाकी भरायची. ग्लेनडॅम्बो ते कूबर पेडी हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर आहे आणि मध्ये पंप नाही. मध्य ऑस्ट्रेलियातल्या पंपांवर ‘ओपल’ नावाचे पेट्रोल दिसले तर गोंधळू नये. वाफ हुंगून नशा करण्याच्या प्रकाराला आळा घालण्यासाठी त्यातली नशा आणणारी ‘ॲरोमॅटिक’ रसायने कमी केलेली असतात आणि ते साध्या अनलेडेड पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीला चालते. मुलाने हे ‘ओपल’ का आहे असे विचारले, तर उत्तर टाळू नये. आदिवासी वस्त्यांनी या दुखण्याशी दिलेल्या लढ्याची ती गोष्ट आहे.

मोबाइलचे जाळे गावांच्या आणि रोडहाउसच्या आसपास असते, मधल्या शेकडो किलोमीटरमध्ये नसते. त्यातल्या त्यात टेलस्ट्राचे जाळे विस्तृत असल्यामुळे त्याच कंपनीचे सिम घ्यावे आणि नकाशे आधीच उतरवून ठेवावेत, शिवाय कागदी नकाशाही घ्यावा. त्याहून आवश्यक वस्तू म्हणजे ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला संकट-संदेश पाठवणारा वैयक्तिक बीकन, ज्याला तिथे ‘पीएलबी’ म्हणतात. तो भाड्याने मिळतो. काही नव्या मोबाइलमधून उपग्रहाद्वारे तातडीचा संदेश जातो, पण बीकनची जागा त्याने घेऊ नये. हातात धरण्याचा यूएचएफ रेडिओ मिळाला तर मालमोटारवाले बोलतात तो ४० क्रमांकाचा चॅनल लावून ठेवावा. पुढच्या अपघाताची किंवा रुंद मालाची खबर तिथे आधी कळते. तातडीचा दूरध्वनी क्रमांक ०००.

निघण्यापूर्वी ॲडलेडमधल्या ओळखीच्या कुटुंबाला किंवा घरी मागे राहिलेल्या पालकाला रोजचा मार्ग, मुक्काम आणि पोहोचल्याचा संदेश देण्याची वेळ लिहून द्यावी, आणि संदेश आला नाही तर किती तासांनी कोणाला कळवायचे तेही त्या कागदावर असावे. या मोसमात तिथले घड्याळ भारताच्या बरोबर चार तास पुढे असते, त्यामुळे संध्याकाळी सहाला पोहोचल्यावर पुण्यात दुपारचे दोन वाजलेले असतात.

सहचालकाची तयारी

या भागावर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण बाकीची तयारी पैशाने होते आणि ही होत नाही.

मुलाकडे एक वही द्यावी. प्रत्येक पंपावर किलोमीटरचा आकडा, भरलेले लिटर, पुढच्या पंपापर्यंतचे अंतर आणि शिल्लक पाणी त्याने त्यात लिहायचे. दोन-तीन नोंदींनंतर गाडी लिटरला किती चालते हे त्याला पालकापेक्षा अचूक सांगता येते. समोरून वारा असताना इंधन जास्त का लागले, हा प्रश्न तो आपणहून विचारू लागतो. वहीतला आकडा आणि पालकाचा अंदाज यांत फरक पडला तर वही खरी मानावी.

दुसरे काम थांबवण्याचे. मोकळ्या, सरळ रस्त्यावर येणारी झोप चालकाला स्वतःला कळत नाही, शेजारच्याला कळते. डोळ्यांची उघडझाप मंदावणे, गाडी पांढऱ्या रेषेकडे सरकणे, एकच प्रश्न दोनदा विचारणे ही लक्षणे मुलाला आधीच सांगावीत आणि त्याने “थांबूया” म्हटले की पुढच्या विश्रांतिस्थळावर कोणताही वाद न घालता थांबायचे, असा करार करावा. हा करार पाळणे आपल्याकडच्या पालकांना जड जाते, कारण मुलाच्या सांगण्यावरून गाडी थांबवण्याची सवय आपल्याला नसते. त्याने कधी उगाचच थांबवले असे वाटले, तरी त्या वेळी काही बोलू नये. तसेही दर दोन तासांनी थांबायचेच असते.

तिसरी गोष्ट म्हणजे पालक बेशुद्ध झाला किंवा हलू शकला नाही तर काय करायचे, याची रंगीत तालीम. गाडी उभी असताना हॅन्डब्रेक कुठे, धोक्याचे दिवे कुठे, बीकन कोणत्या कप्प्यात आणि त्याची ॲन्टेना उघडून बटण कसे दाबायचे, हे त्याने न विचारता दाखवता आले पाहिजे. महामार्गावर असताना येणाऱ्या वाहनाला हात करून थांबवावे. तिथे अडकलेल्याला पाहून सहसा कोणी तसेच पुढे जात नाही. आणि कोणत्याही परिस्थितीत गाडी सोडून मदत शोधायला चालत निघायचे नाही. गाडीला सावली असते, पाणी तिच्यात असते आणि विमानातून माणसापेक्षा ती कितीतरी लवकर दिसते. सर्पदंशाचा प्रथमोपचारही एकदा करून पाहावा : जखम धुवायची नाही, कापायची नाही, संपूर्ण हातापायावर घट्ट लवचिक पट्टी गुंडाळायची, काठी बांधून तो भाग स्थिर ठेवायचा आणि माणसाला चालू द्यायचे नाही. हे सगळे सांगताना मूल घाबरेल अशी शंका येते. पंधरा वर्षांचे मूल अशाने घाबरत नाही, उलट आपल्याला गंभीरपणे घेतले जात आहे हे त्याच्या लक्षात येते.

रस्ता कितीही रिकामा असला, तरी मुलाच्या हाती गाडी देऊ नये. परवान्याशिवाय ते बेकायदेशीर आहे आणि त्या क्षणापासून विमाही संपतो.

रस्त्यावरचे नियम

कांगारू, इमू, मोकाट गुरे आणि क्वचित उंट हे पहाटे, संध्याकाळी आणि रात्री रस्त्यावर येतात, म्हणून गाडी फक्त उजेडात चालवायची. जूनमध्ये या भागात सूर्य साधारण सव्वासात-साडेसातला उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. याचा अर्थ प्रवासाची वेळ सकाळी आठ ते दुपारी साडेचार. किशोरवयीन मुलांच्या झोपेला हे वेळापत्रक फारच मानवते. आपल्याकडे सहलीला निघताना पहाटे चारला सगळ्या घराला उठवण्याची जी प्रथा आहे, ती इथे उघड धोक्याची ठरते. तरीही जनावर आडवे आलेच तर सरळ रेषेत ब्रेक लावावा, चाक एकदम वळवू नये. मेलेल्या कांगारूवर बसलेला पाचरीसारख्या शेपटीचा मोठा गरुड गाडी पाहून उडायला वेळ घेतो, त्यामुळे तो दिसताच वेग कमी करावा.

रोड ट्रेन म्हणजे एका ट्रकमागे तीन-चार डबे जोडलेली मालमोटार, आणि तिची लांबी ५३.५ मीटरपर्यंत असू शकते. तिला ओलांडायला समोर किलोमीटरभराहून अधिक मोकळा, सरळ रस्ता दिसला पाहिजे. दिसत नसेल तर ओलांडण्यासाठी केलेली जास्तीची मार्गिका येईपर्यंत मागे अंतर ठेवून राहावे. ती समोरून येताना हवेचा धक्का बसतो, तेव्हा चाक दोन्ही हातांनी धरून थोडे डावीकडे राहावे. दक्षिण ऑस्ट्रेलिया या राज्यात वेगमर्यादा ताशी ११० किलोमीटर आहे आणि त्याच्या उत्तरेच्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रांतात काही टप्प्यांवर १३०, पण भाड्याच्या गाडीने शंभर-एकशेपाचच्या वर जाण्याचे काहीच कारण नाही. समोरून येणारा चालक स्टिअरिंगवरून एक बोट उचलून नमस्कार करतो, त्याला उत्तर द्यावे. हे काम मुलाकडे सोपवले तर तो ते मोठ्या निष्ठेने करतो.

पाऊस झाला असेल तर निघण्यापूर्वी रस्त्याची स्थिती पाहावी. जानेवारी २०२२ मध्ये ग्लेनडॅम्बोजवळ पुराने हा महामार्गच बंद पडला होता.

ॲडलेड ते कूबर पेडी

पहिला दिवस मुद्दाम लहान ठेवावा. पोर्ट ऑगस्टापर्यंत सुमारे ३१० किलोमीटर जाऊन तिथे मोठ्या दुकानातून शेवटची खरेदी करावी. दुसऱ्या दिवशी कूबर पेडीपर्यंत जवळजवळ ५४० किलोमीटर आहेत. पिम्बापासून थोडे आत वूमेरा हे गाव आहे, जिथे १९४७ मध्ये अग्निबाणांच्या चाचण्यांसाठी तळ उभारला गेला आणि आजही जुनी क्षेपणास्त्रे उघड्यावर मांडून ठेवलेली आहेत. अवकाशाची आवड असलेल्या मुलासाठी इथे तासभर थांबावे. महामार्गाच्या दोन्ही बाजूंचा बराच प्रदेश लष्करी निर्बंधाखाली असल्यामुळे रस्ता सोडून आत जाऊ नये. पुढे लेक हार्ट हे मिठाचे सरोवर रस्त्यावरूनच दिसते.

कूबर पेडीत दोन रात्री काढाव्यात आणि त्यातली एक तरी जमिनीखालच्या खोलीत. उन्हाळ्यातल्या भाजणाऱ्या उष्णतेपासून वाचण्यासाठी इथल्या लोकांनी टेकड्यांच्या पोटात घरे, चर्च आणि हॉटेले खोदली, आणि आत वर्षभर तापमान फारसे बदलत नाही. या गावाचा जन्मच बापलेकाच्या प्रवासातून झाला आहे. १९१५ च्या फेब्रुवारीत सोने शोधायला निघालेल्या एका तुकडीत जिम हचिसन आणि त्याचा चौदा वर्षांचा मुलगा विली होते. पाण्याच्या शोधात बाहेर पडलेल्या विलीला ओपल या रत्नाचे खडे सापडले. आपल्या मुलाला ही गोष्ट खाणीच्या संग्रहालयात शिरण्यापूर्वी सांगितली, तर आतले सगळे तो वेगळ्या नजरेने पाहतो. गावाभोवती उघड्या खाणींची असंख्य भोके आहेत. फोटो काढताना मागे-मागे चालू नये, अशा सूचनेच्या पाट्या गमतीसाठी लावलेल्या नाहीत. टाकून दिलेल्या मातीच्या ढिगात ओपल शोधण्याला ‘नूडलिंग’ म्हणतात आणि त्यासाठी नेमून दिलेल्या जागी ते मोकळेपणाने करता येते. सापडत काही नाही, पण दोन तास कसे जातात ते कळत नाही.

गावाच्या उत्तरेला ब्रेकअवेज नावाच्या रंगीत टेकड्या आहेत आणि त्यांच्याजवळून डिंगो या रानकुत्र्यांना मेंढ्यांपासून दूर ठेवणारे, ५,००० किलोमीटरहून लांब कुंपण जाते. तिथला रस्ता कच्चा आहे, म्हणून आपल्या गाडीऐवजी स्थानिक सहलीने जावे.

उलुरू आणि किंग्ज कॅन्यन

कूबर पेडी ते युलारा हे अंतर सातशे किलोमीटरहून अधिक असल्याने मध्ये एरल्डुन्डाला मुक्काम करावा. तिथून महामार्ग सोडून पश्चिमेला सुमारे २४५ किलोमीटर जायचे असते. वाटेत डावीकडे एक सपाट माथ्याचा मोठा डोंगर दिसतो आणि गाडीतले सगळे उलुरू आले म्हणून कॅमेरे काढतात. तो माउंट कॉनर असतो. पैज लावायला ही चांगली जागा आहे.

उलुरू-काटा जूटा राष्ट्रीय उद्यानात अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क नाही. पालकाने तीन दिवसांचा पास आधीच ऑनलाइन काढावा. सपाटीपासून ३४८ मीटर उंच असलेल्या या खडकाची मालकी २६ ऑक्टोबर १९८५ रोजी इथल्या मूळ रहिवासी अनंगू लोकांना परत मिळाली आणि बरोबर ३४ वर्षांनी, २६ ऑक्टोबर २०१९ पासून, त्यावर चढणे कायमचे बंद झाले. अनंगू लोकांनी त्याआधी कित्येक वर्षे न चढण्याची विनंती केली होती आणि तरीही पर्यटक चढत होते. मुलाशी बोलण्यासारखे यात पुष्कळ आहे. परवानगी असणे आणि योग्य असणे यांतला फरक सोळाव्या वर्षी नेमका समजू लागतो.

पहिल्या सकाळी सांस्कृतिक केंद्रात जाऊन मगच खडकाकडे जावे. सकाळी रेंजरसोबत होणारी माला मार्गाची विनामूल्य फेरी चुकवू नये. खडकाभोवतीची पूर्ण प्रदक्षिणा १०.६ किलोमीटरची आहे आणि तिला साडेतीन ते चार तास लागतात. सायकल भाड्याने घेऊनही ती करता येते. काही जागा पवित्र असून तिथे फोटो काढू नयेत अशा पाट्या असतात. फोन मुलाच्या हातात असतो, त्यामुळे या पाट्यांकडे लक्ष ठेवण्याचे काम त्याच्याकडेच द्यावे. ड्रोन नेऊच नये. दुसऱ्या दिवशी काटा जूटा या खडकांच्या घुमटांमधून जाणारी ७.४ किलोमीटरची ‘व्हॅली ऑफ द विंड्स’ ही वाट करावी, आणि माझ्या मते वेळ एकाच वाटेला असेल तर हीच निवडावी, कारण इथे गर्दी कमी असते आणि चालण्याला चढउतारांची खुमारी आहे. तापमान ३६ अंश किंवा अधिक जाण्याचा अंदाज असेल त्या दिवशी ती सकाळी अकराला अर्ध्यावर बंद करतात. माश्यांसाठी चेहऱ्यावरची जाळी घ्यावी; ती घालून आपण हास्यास्पद दिसतो हे मुलाला पहिली दहा मिनिटेच वाटते.

रात्री पारा शून्याखालीही उतरतो, त्यामुळे लोकरी टोपी आणि जाड जाकीट हवेच. अमावास्येच्या आसपास मुक्काम पडेल असे पाहिले तर जून-जुलैत मध्यरात्री आकाशगंगेचा गाभा जवळजवळ डोक्यावर असतो. भारतातून क्षितिजालगत दिसणारा दक्षिणेचा क्रूस संध्याकाळपासून उंच असतो, आणि आपल्याकडून सहसा न दिसणारे मॅजेलनचे दोन मेघ, म्हणजे दोन छोट्या दीर्घिका, पहाटेपर्यंत वर येत जातात. दुर्बीण नसली तरी चालते.

युलाराहून किंग्ज कॅन्यन सुमारे ३०० किलोमीटर डांबरी रस्त्याने येते. कड्याच्या काठाने जाणारी सहा किलोमीटरची वाट सुरुवातीलाच दमछाक करणाऱ्या चढणीने सुरू होते आणि पूर्ण व्हायला तीन-चार तास लागतात. ३६ अंशांचा अंदाज असलेल्या दिवशी सकाळी नऊपूर्वीच निघावे लागते. कड्याला बहुतेक ठिकाणी कठडा नाही. मुलाने काठापासून किती अंतरावर राहायचे हे वर पोहोचल्यावर नव्हे, वाहनतळावरच ठरवून घ्यावे, कारण वर गेल्यावर केलेली प्रत्येक सूचना त्याला अपमान वाटते. इथून हर्मन्सबर्गमार्गे ॲलिसला जाणारा कच्चा रस्ता नकाशावर जवळचा दिसतो. त्याला वेगळा परवाना लागतो आणि साध्या गाडीने तो करू नये. आल्या वाटेने महामार्गावर येऊन सुमारे ४७० किलोमीटर जावे.

गाडीतले बोलणे आणि न बोलणे

ताशी शंभरच्या वेगाने जाणारी गाडी म्हणजे बाहेर पडता न येणारी खोली असते. म्हणूनच दहावीचे गुण, बारावीनंतरची शाखा, फोनवरचा वेळ हे विषय पालकाने स्टिअरिंगवरून काढू नयेत. मुलाने काढले तर ऐकावे आणि लगेच उपाय सुचवू नये. शेजारी बसून, एकमेकांकडे न पाहता बोलणे या वयात सोपे जाते हे खरे, परंतु ते संभाषण ठरवून घडवता येत नाही. सलग दोन तास कोणीच बोलले नाही तर काही बिघडले आहे असे समजू नये.

संगीताचा निर्णय पंपागणिक बदलावा : या टाकीला एकाची निवड, पुढच्या टाकीला दुसऱ्याची, आणि दुसऱ्याच्या निवडीवर शेरा मारायचा नाही. मुक्कामाच्या ठिकाणी रोज तासभर दोघांनी वेगवेगळे राहावे. दोन पलंगांची खोली किंवा दोन लहान तंबू यांसाठी थोडे जास्त पैसे गेले तरी द्यावेत, विशेषतः वडील-मुलगी किंवा आई-मुलगा असा प्रवास असेल तेव्हा. मुलीच्या मासिक पाळीसाठी लागणारे सामान पूर्ण प्रवासाचे ॲडलेडलाच घेऊन तिच्याच बॅगेत द्यावे, म्हणजे रोडहाउसवर तिला कोणाला विचारावे लागत नाही.

ॲलिस स्प्रिंग्जमध्ये

इथे दोन दिवस ठेवावेत. १९५१ मध्ये सुरू झालेली ‘स्कूल ऑफ द एअर’ ही शाळा शेकडो किलोमीटरवरच्या गुरांच्या वाड्यांवर राहणाऱ्या मुलांना आधी रेडिओवरून आणि आता उपग्रहाद्वारे शिकवते, आणि टाळेबंदीत ऑनलाइन शाळा केलेल्या आपल्या मुलांना तिच्याबद्दल बरेच प्रश्न पडतात. जॉन फ्लिन यांनी १९२८ मध्ये क्लॉन्करी येथून सुरू केलेल्या उडत्या डॉक्टरांच्या सेवेचे केंद्रही पाहण्यासारखे आहे. अशी सेवा लागू नये म्हणूनच गाडीत वीस लिटर पाणी ठेवले होते, हे वेगळे सांगावे लागत नाही. जुन्या तारघराच्या परिसरात सकाळी फिरावे. पश्चिमेच्या मॅकडॉनेल रांगांतील सिम्पसन्स गॅप आणि स्टॅन्डली कॅझम या घळी डांबरी रस्त्यावर आहेत. दुसरीत मध्यान्हीच्या सुमारास ऊन थेट तळाशी उतरते, तेव्हा तिथे असावे. गावात अंधार पडल्यावर पायी हिंडू नये, मुक्कामाच्या ठिकाणचे लोक जो सल्ला देतील तो ऐकावा.

गाडी परत करण्यापूर्वी चाकांच्या कमानींतली तांबडी माती धुवून घ्यावी आणि चारही बाजूंचे, काचेचे व किलोमीटरच्या आकड्याचे फोटो मुलाकडून काढून घ्यावेत. उरलेले गॅसचे डबे विमानात नेता येत नाहीत, ते मुक्कामाच्या ठिकाणी दुसऱ्या प्रवाशाला द्यावेत. बुटांचे तळवे ब्रशने स्वच्छ करावेत. बीकन भाड्याचा असेल तर तो कुठे परत करायचा हे ॲडलेडलाच विचारलेले असावे, कारण तो पोस्टाने पाठवायचा असल्यास ॲलिसचे टपाल कार्यालय आठवड्याच्या शेवटी बंद सापडू शकते.